एमजीबीत व्ही-एट बसवताना इंजिन सगळ्यात शेवटी घ्या

इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनला राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे टप नसलेली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, क्रोम बंपरची, तारांच्या चाकांची. मूळचं १.८ लिटरचं इंजिन थकलंय, निळा धूर काढतंय, आणि मोटरवेवर चढ आला की ट्रकच्या मागे अडकून बसावं लागतं. अशात त्यांना मोडीत निघालेल्या एका रेंज रोव्हरचं ४.६ लिटरचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन स्वस्तात मिळतंय. ते विचारतात: घेऊ का? घरच्या गॅरेजमध्ये काम होईल का? कायद्याची अडचण येईल का?

आधी सरळ उत्तर देतो. व्ही-एट जरूर बसवा. ज्या मोजक्या जुन्या गाड्या मोठं इंजिन मनापासून स्वीकारतात, त्यांत एमजीबी फार वरच्या जागी आहे. पण ते ४.६ घेऊ नका. आणि कुठलंही व्ही-एट विकत घेण्याआधी गाडीचं मागचं टोक, ब्रेक आणि पाणी (म्हणजे इंजिन थंड ठेवायची व्यवस्था), या तीन गोष्टी पुऱ्या करा. इंजिन सगळ्यात शेवटी. गेली वीसेक वर्षं इंग्लंडात मी ही कामं करतोय, त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बांधायला शिकलो. अर्धवट सोडलेल्या ज्या एमजीबी माझ्याकडे ट्रेलरवर येतात, त्यांत जवळजवळ प्रत्येकीत इंजिन आधीच बसवलेलं असतं. बाकीचं काही झालेलं नसतं, आणि मालकाचे पैसे आणि उत्साह दोन्ही संपलेले असतात.

ही गाडी आणि हे इंजिन एकमेकांना का जमतात, हे समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. एमजीबी १९६२ साली आली. तिचं १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन पूर्ण ओतीव लोखंडाचं आहे, ९५ अश्वशक्तीचं, आणि सरळ सांगायचं तर आकाराच्या मानाने फार जड. कारखान्याने १९६७ मध्ये यात जास्त ताकद घालायचा पहिला प्रयत्न केला तो एमजीसी. त्यात २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन घातलं. ते चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होतं. ते मावावं म्हणून पुढचं सस्पेन्शनच बदलून टॉर्शन बार लावावे लागले. गाडी सरळ रस्त्यावर छान पळायची, पण वळणावर नाक बाहेर ओढायची. दोन वर्षांत एमजीसी बंद झाली.

दुसरीकडे रोव्हरचं व्ही-एट. हे मूळ ब्यूक कंपनीचं, १९६१ ते ६३ या काळात अमेरिकेत बनलेलं २१५ घनइंचाचं इंजिन. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. अमेरिकेत ते महाग पडलं म्हणून सोडून दिलं, आणि रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. पुढे ते रोव्हरच्या सलून गाड्यांत, मॉर्गन प्लस एटमध्ये, रेंज रोव्हरमध्ये गेलं. १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या रेसरने ते एमजीबीत बसवून विकायला सुरुवात केली. ब्रिटिश लेलँडने त्याची गाडी मागवून पाहिली आणि १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-एट काढली: ३५२८ सीसी, १३७ अश्वशक्ती. हे इंजिन बी-सिरीजपेक्षा ४० पौंडांनी, म्हणजे सुमारे १८ किलोंनी हलकं असल्याचं सांगितलं जातं. मोठा रेडिएटर, दोन पंखे, एक्झॉस्टचे जाड हेडर पाइप जमेस धरले की हा फरक मिटतो. तरी मुद्दा राहतोच: दुप्पट सिलिंडर घालून नाकावर वजन वाढत नाही. एमजीसीत जे बिघडलं ते इथे बिघडत नाही.

१९७६ पर्यंत अशा २५९१ गाड्या बनल्या, सगळ्या टपाच्या. उघड्या रोडस्टरमध्ये कारखान्याने व्ही-एट घातलं ते थेट १९९३ च्या आरव्ही-एटमध्ये. तुमची गाडी रोडस्टर आहे, म्हणून हे ध्यानात ठेवा. टप नसलेल्या एमजीबीची सगळी ताकद दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पेटीत असते. ही पेटी तीन थरांची आहे: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधली उभी भिंत. बाहेरचा पत्रा चकचकीत रंगवलेला आणि मधली भिंत गंजून भुगा झालेली, असं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता बाहेरच्या पत्र्याकडे बघतच नाही.

त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, दोन्ही दारं बंद. दाराच्या मागच्या कडेची फट वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी फीलर गेजने किंवा ड्रिल बिटच्या दांड्याने मोजून कागदावर लिहा. मग पुढच्या क्रॉसमेंबरखाली जॅक लावून दोन्ही पुढची चाकं उचला आणि तीच मापं पुन्हा घ्या. वरची फट किंचित बदलली तर ठीक. फट मिटून दार चौकटीला घासायला लागलं, किंवा उघडताना अडकलं, तर गाडी मधून वाकतेय. अशा गाडीत व्ही-एटचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा पीळ, घालणं म्हणजे कुजलेल्या वाशावर कौलं चढवणं. आधी सिल बदला. सिल कापताना शेलला मधून आधार द्या, दारं जागेवर ठेवा आणि फटी सारख्या राहतायत ना ते बघत बघत वेल्डिंग करा. नाहीतर गाडी वाकडीच जोडली जाते आणि मग ती कायमची वाकडी. शेल फारच गेली असेल तर १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजची नवी रोडस्टर शेल मिळते. महाग आहे, पण चार ठिकाणी ठिगळं लावण्यापेक्षा कधीकधी तीच स्वस्त पडते.

आता मागचं टोक. या कामात सगळ्यात कमी विचार इथे होतो, म्हणून मी इथे जास्त वेळ घेणार आहे.

तुमच्या गाडीच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचं, प्रमाण ३.९०९ आहे. ते लहान इंजिनाला जोरात फिरवून ताकद काढायला केलेलं. व्ही-एटला जोरात फिरायचं नसतं, त्याचा टॉर्क खालीच मिळतो. कारखान्याने जीटी व्ही-एटला ३.०७ चं प्रमाण दिलं ते त्यासाठीच. आकड्यात सांगतो. समजा तुम्ही रोव्हरच्या एसडी-वन या सलून गाडीचा पाच गिअरचा एलटी-७७ गिअरबॉक्स लावलात. त्याचा पहिला गिअर ३.३२ चा आणि पाचवा सुमारे ०.७९ चा. जुनं ३.९०९ चं डिफरन्शियल ठेवलं तर पाचव्यात ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३००० फेरे फिरेल. चालण्यासारखं आहे. पण पहिला गिअर इतका आखूड होतो की ५००० फेऱ्यांनाही गाडी ताशी २८ मैलांपर्यंतच जाते. चौकातून निघायच्या आत दुसरा टाकावा लागतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं नुसती जागेवर फिरतात. ३.०७ लावलंत की पहिला गिअर ३५ मैलांपर्यंत पुरतो आणि ७० मैलांना इंजिन २४०० फेऱ्यांवर शांत गुणगुणतं. हे ज्याने एकदा अनुभवलं तो परत मागे जात नाही. गाडीचा स्वभाव बदलतो तो मुख्यतः या एका दातेरी चाकाच्या जोडीने.

माझ्या पहिल्या व्ही-एट कामात मी हे ऐकलं नव्हतं. इंजिन आधी बसवलं, डिफरन्शियल पुढच्या वर्षी बघू म्हणालो. गाडी शहरात धक्के देत चालायची, आणि मालकाच्या पत्नीने दोनदा चालवून किल्ली परत टेबलावर ठेवली. त्या वर्षभरात मागचे युनिव्हर्सल जॉइंट दोनदा बदलले.

तुमच्या गाडीला तारांची चाकं आहेत. दिसायला सुंदर, पण हबवरचे दाते झिजलेले असले की टॉर्कच्या प्रत्येक झटक्याला 'टक्' असा आवाज येतो. क्लच सोडताना मागून असा आवाज येतोय का, आजच ऐकून बघा. कारखान्याने जीटी व्ही-एटला तारांची चाकं दिलीच नाहीत. तारांच्या चाकांचा मागचा अ‍ॅक्सल साध्या चाकांच्या अ‍ॅक्सलपेक्षा रुंदीला कमी असतो. त्यामुळे नुसती चाकं बदलून भागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं: साध्या, नटबोल्टच्या चाकांचा अख्खा अ‍ॅक्सल शोधा, त्यात ३.०७ ची जोडी बसवा, सगळी बेअरिंगं आणि सील नवी घाला, आणि तो तयार करून कोपऱ्यात ठेवा. बजेट पुरत असेल तर त्याच वेळी हेलिकल दात्यांचं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घाला, म्हणजे एकच चाक नुसतं जागेवर फिरत राहत नाही. एकदा अ‍ॅक्सल उघडलाच आहे तर दुसऱ्यांदा उघडायची वेळ का आणायची?

आणि लीफ स्प्रिंगचे पाटे. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती वळू बघतो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात, मग सुटतात, पुन्हा मुरडतात. मागची चाकं धडधड उड्या मारतात. पाट्यांचे बुश सैल असतील तर हे पहिल्याच दिवशी दिसेल. बुश नवे घाला, दर बाजूला एक अँटी-ट्रॅम्प बार लावा. आरव्ही-एटलाही कारखान्याने पाटेच ठेवले होते, पण सोबत टॉर्क रॉड दिले होते. कुणी म्हणेल कॉइल स्प्रिंगचा मागचा सांगाडा बसवा. रेसला जायचं नसेल तर गरज नाही.

ब्रेकचं थोडक्यात. त्या काळच्या यूकेच्या एमजीबीला ब्रेकचं एकच सर्किट असायचं. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. ९५ अश्वशक्तीला लोक ते चालवून घेतात, तुम्ही घेऊ नका. दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर आणि चांगला सर्वो बसवा. पुढे जीटी व्ही-एटला होत्या तशा जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर, किंवा त्याहून बरं म्हणजे हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर. मागचे ड्रम पुरतात. सगळे रबरी होज फेकून नवे लावा, बाहेरून कितीही चांगले दिसले तरी. हे सगळं तुमच्या जुन्या १.८ इंजिनावरच करून महिनाभर गाडी चालवा. ब्रेकमध्ये काही चुकलं असेल तर ते कमी ताकदीच्या गाडीत कळलेलं बरं.

आता इंजिन कुठलं? रोव्हर व्ही-एट ३.५, ३.९, ४.०, ४.२ आणि ४.६ लिटर अशा मापांत आलं. ३.५ चा बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८.९ मिलिमीटर, ३.९ पासून पुढे ९४. बाहेरून ब्लॉक तेवढाच, म्हणजे लायनरमागची (लायनर म्हणजे सिलिंडरची आतली नळी) अ‍ॅल्युमिनियमची भिंत ९४ बोरमध्ये पातळ होते. उशिराच्या ४.० आणि ४.६ इंजिनांत गरम झाल्यावर ही भिंत तडकते, पाणी लायनरमागून वर येतं, कधी लायनरच खाली सरकतो. अशी इंजिनं टॉप-हॅट लायनर घालून वाचवता येतात, पण ते चांगल्या मशीन शॉपचं काम आहे. तुम्हाला स्वस्तात मिळालेलं इंजिन तेव्हा स्वस्त राहत नाही. ज्या रेंज रोव्हर मोडीत निघतात त्यांतल्या बऱ्याच पाणी तापूनच निघतात, हे विसरू नका.

शिवाय ४.६ च्या त्या इंजिनाला डिस्ट्रिब्यूटर नसतो, ऑइल पंप क्रँकच्या नाकावर असतो, पुढचं कव्हर वेगळं, आणि वरचं इनटेक एमजीबीच्या बॉनेटखाली मावत नाही. टॉर्क सुमारे ३८० न्यूटन मीटर. मजबूत समजला जाणारा आर-३८० गिअरबॉक्स ज्या टॉर्कसाठी बनला तेवढाच, त्याच्या नावातला आकडाच तो आहे. तुमच्या १.८ चा टॉर्क १५० च्या आसपास आहे. जीटी व्ही-एटचा २६० होता. गाडीचं सगळं अंग या २६० ला सुखाने पेलतं. म्हणून माझी शिफारस: एसडी-वनचं ३.५ शोधा. मूळचंच १५५ अश्वशक्तीचं आहे, पुढचं कव्हर आणि पाण्याचा पंप आखूड आहेत. रेंज रोव्हरचा लांब पंप रेडिएटरच्या जागेवर येतो, एसडी-वनचा येत नाही. ते चांगलं मिळालं नाही तर डिस्ट्रिब्यूटर असलेलं ३.९ घ्या, पुढचं कव्हर एसडी-वनचं लावा. आरव्ही-एटमध्ये ३.९ च होतं, १९० अश्वशक्तीचं, आणि रोजच्या रस्त्यावर त्याहून जास्त कुणाला लागत असेल असं मला वाटत नाही.

इंजिन कितीही चांगलं चालतंय असं विकणारा म्हणाला तरी उघडा. रॉकर कव्हर काढल्यावर आत काळी साय जमलेली दिसली तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, म्हणजे कॅमशाफ्टचे उंचवटे झिजलेले असणार. कॅम, टॅपेट आणि टायमिंग चेन एकाच वेळी नवे घाला, जुन्या टॅपेटवर नवा कॅम कधीही नाही. जुन्या हेडना प्रत्येकी १४ बोल्ट असतात. त्यातली बाहेरच्या कडेची चारची ओळ पूर्ण आवळली की हेड बाहेरच्या बाजूला किंचित कलतं आणि आतल्या कडेची गॅस्केट गळते. रोव्हरने नंतरच्या हेडमधून ती ओळ काढूनच टाकली. मी त्या ओळीला अगदी हलका टॉर्क देतो. बोल्टांची भोकं आधी कापडाने आणि हवेने कोरडी करा. भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असलं आणि वरून बोल्ट दाबला, तर अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक तडकतो. आटे गेलेले असतील तर आताच हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी घाला. जुनी पत्र्याची गॅस्केट पातळ आणि नवी कंपोझिट जाड असते. गॅस्केट बदलली की कंप्रेशन थोडं उतरतं, ते हेड घासून भरून काढायचं की नाही हे मापं घेऊन ठरवा.

बसवण्याच्या कामात तुमच्या क्रोम बंपरच्या गाडीची थोडी जास्त मेहनत आहे. १९७४ च्या शेवटी रबर बंपरच्या गाड्या आल्या तेव्हा कारखान्याने सगळ्यांचीच इंजिनची जागा व्ही-एटच्या मापाची केली. तुमच्या गाडीत माउंट क्रॉसमेंबरवर आहेत, ते काढून चेसिस रेलवर नवे वेल्ड करावे लागतील. इंजिनमागच्या भिंतीचा पत्रा दोन ठिकाणी थोडा ठोकून मागे सारावा लागेल. रेडिएटर पुढे न्यावा लागेल. स्टिअरिंगचा दांडा उजवीकडच्या एक्झॉस्टच्या अगदी जवळून जातो, तिथे बोटभर तरी अंतर आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा हवा. एक्झॉस्टचे दोन मार्ग आहेत. एक, कारखान्यासारखे इंजिनजवळून खाली जाणारे मॅनिफोल्ड. दुसरा, आरव्ही-एटसारखे आतल्या विंगमधून आरपार जाणारे हेडर. दुसऱ्यात बॉनेटखालची उष्णता खूप कमी होते आणि प्लग बदलायला हात जातो. पण विंगचा पत्रा कापावा लागतो, आणि त्याबद्दल पुढे कायद्याच्या भागात सांगतो.

बॉनेटचं माप घ्यायची माझी रीत घरचीच आहे. कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर बसवले की फिल्टरवर मळलेल्या कणकेचे तीन-चार गोळे ठेवायचे, त्यांवर प्लॅस्टिकचा कागद, आणि बॉनेट हळू बंद करून पुन्हा उघडायचं. दबलेल्या कणकेची जाडी म्हणजे मोकळी जागा. ती १२ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चालणार नाही, कारण रबरी माउंटवर इंजिन टॉर्कच्या झटक्याला डोलतं. मग कमी उंचीचा इनटेक मॅनिफोल्ड, बसका फिल्टर किंवा बॉनेटला फुगवटा, यांतलं एक निवडा. कॉस्टेलोने फुगवटा दिला होता. कारखान्याने कार्ब्युरेटर मागे वळवून सपाट बॉनेट राखलं.

पाण्याचं काम मात्र जागा मिळेल तिथे पाइप वळवून होत नाही. मोठा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, थर्मोस्टॅटवर चालणारे दोन इलेक्ट्रिक पंखे, ऑइल कूलर, आणि इंजिनच्या सर्वांत उंच बिंदूपेक्षाही वर बसवलेली एक्स्पान्शन टाकी. इनटेक मॅनिफोल्डवरून एक बारीक नळी त्या टाकीत न्या, म्हणजे अडकलेली हवा आपोआप निघत राहते. हवेचा बुडबुडा हेडमध्ये राहिला तर तापमानाचा काटा साधा दिसतो, कारण सेन्सर पाण्यात नसून वाफेत असतो, आणि हेड तोवर वाकलेलं असतं. अँटिफ्रीझ बाराही महिने हवंच. प्रश्न नुसता गोठण्याचा नाही, गंजाचाही आहे. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या अ‍ॅल्युमिनियम हेडच्या पाण्याच्या वाटा मी हातात घेऊन पाहिल्यात, उधई लागलेल्या लाकडासारख्या पोखरलेल्या असतात. पहिली चाचणी वेगाची नको. उन्हाळ्याच्या दुपारी अर्धा तास जागेवर उभी ठेवून चालवा. पंखे चालू होऊन काटा परत खाली आला की मग रस्त्यावर जा.

पहिल्यांदा सुरू करतानाची एक गोष्ट जिवाशी बांधून ठेवा. या इंजिनाचा गिअरचा ऑइल पंप पुढच्या कव्हरमध्ये, ऑइलच्या पातळीच्या वर असतो. कोरडा असला तर तो ऑइल वर खेचतच नाही, नुसता हवा घोटतो. पंपाचं झाकण उघडून दातांमध्ये पेट्रोलियम जेली गच्च भरायची, कुठे पोकळी ठेवायची नाही. मग डिस्ट्रिब्यूटर काढून पंपाचा दांडा ड्रिल मशीनने फिरवायचा. काही सेकंदांत ड्रिल एकदम जड होतं, हाताला झटका बसतो, आणि रॉकरवरून ऑइल ओघळायला लागतं. तो झटका हाताला जाणवेपर्यंत चावी फिरवायची नाही. एकदा मी घाईत हे टाळलं होतं. पाच मिनिटांत मेन बेअरिंगं गेली, आणि गिऱ्हाइकासमोर उभं राहून ते माझ्या खर्चाने करून द्यावं लागलं.

फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे, वायरींवर चिकटपट्टीने आकडे लावा. नवा कॅम असेल तर इंजिन सुरू होताच २००० ते २५०० फेऱ्यांवर धरून वीस मिनिटं चालवा, आयडलला सोडू नका, जस्त जास्त असलेलं ऑइल वापरा. टॅपेट सुरुवातीला खडखडतील, ऑइल भरलं की गप्प होतील. तुमच्या गाडीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर त्या काढून १२ व्होल्टची एक चांगली बॅटरी घाला. टॅकोमीटर आठ सिलिंडरसाठी बदलून घ्या, नाहीतर तो दुप्पट फेरे दाखवेल. स्पीडोमीटरही नव्या डिफरन्शियलप्रमाणे जुळवून घ्या.

कायद्याचं. इंजिन बदललं की नवा इंजिन नंबर आणि सीसी डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याला कळवून व्ही५सी हे नोंदणीपत्र दुरुस्त करून घ्यावं लागतं. त्यासाठी इंजिनची पावती किंवा गॅरेजचं लेटरहेडवरचं पत्र जपून ठेवा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीतून, म्हणजे गाडीच्या वार्षिक सुरक्षा तपासणीतून, सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत मोठा बदल झालेला नसेल तरच. त्या मॉडेलला कारखान्याने पर्याय म्हणून दिलेलं इंजिन हा मोठा बदल धरत नाहीत. आता व्ही-एट जीटीला होतं, तुमच्या काळच्या रोडस्टरला नव्हतं. यावर वाद घालत बसू नका, दर वर्षी एमओटी करून घ्या. तुमच्या हाताने वेल्ड केलेल्या गाडीखाली वर्षातून एकदा परक्या माणसाने टॉर्च घेऊन जाणं तुमच्याच भल्याचं आहे. आतली विंग कापायच्या आधी मोनोकॉकच्या, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या एकसंध बॉडीच्या, बदलाबद्दल डीव्हीएलएचा सध्याचा नियम वाचा, तो वेळोवेळी बदलतो, आणि कापण्याआधी-नंतरचे फोटो ठेवा. विमा कंपनीला काम सुरू करायच्या आधी लेखी कळवा. पुण्या-मुंबईहून असं काही करायचा विचार करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघावं. तिथे इंजिन बदलायला आरटीओची पूर्वपरवानगी आणि आरसीवर नोंद लागते, आणि ती वाट इथल्यापेक्षा बरीच अरुंद आहे.

घरच्या गॅरेजमध्ये होईल का, हा तुमचा प्रश्न राहिला. इंजिन उतरवणं-चढवणं, ब्रेक, वायरिंग, पाणी हे दोन माणसं, एक क्रेन आणि चांगले पाने असले की होतं. माउंटचं आणि सिलचं वेल्डिंग, डिफरन्शियलची जुळणी आणि ब्लॉकचं मशीन काम बाहेर द्या. माझ्या अनुभवात इंजिनाची किंमत एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याच्या वर क्वचितच जाते. म्हणून ४.६ स्वस्तात मिळतंय या गोष्टीला फार महत्त्व देऊ नका.

त्या विक्रेत्याला तूर्त नको म्हणून कळवा. येत्या रविवारी जॅक लावून दाराच्या फटीची सहा मापं घ्या, उचलण्याआधीची तीन आणि नंतरची तीन, दोन्ही बाजूंची वेगवेगळी. ती आणि गाडीखालून काढलेले सिलचे फोटो मला पाठवा. पुढचं त्यावरून ठरवू.